गाण्यामागचं घूं

चाळीस वर्षं वायरमनने लोकांच्या भिंती फोडल्या आणि त्या ठोकाठोकीत त्याचे कान गेले. उजवा पार कामातून गेलेला, डावा समोर बसून ओरडलं तर कामाला यायचा. पण बढाई काही कमी झाली नाही. "माझ्या हातच्या बोर्डात कधी खोट निघाली नाही," हे वाक्य बायकोने इतक्यांदा ऐकलं होतं की तो अर्ध्यावर आला की उरलेलं तीच म्हणून टाकायची.

आता ती अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि वायरमनला बाजूला घेऊन, डाव्या कानात, ते दोनदा सांगितलं होतं. महिना, फार तर दीड.

तिने आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. एका सकाळी मात्र म्हणाली, "अहो, ती कॅसेट लावाल का?" एकोणिसाव्या वर्षी ती रेडिओवर एकदा गायली होती. एकदाच, चार मिनिटं. पुढे संसार, पोर, स्वयंपाकघर, आणि त्या गाण्याची कॅसेट कपाटात कपड्यांखाली.

वायरमनने माळ्यावरून टेप काढला, अ‍ॅम्प्लिफायर काढला, स्पीकर तिच्या खाटेच्या पायथ्याशी ठेवले. टेपचा प्लग या भिंतीवरच्या बोर्डात, अ‍ॅम्प्लिफायरचा समोरच्या भिंतीवरच्या. एका बोर्डावर दोन यंत्रांचा भार टाकायचा नाही, हा त्याचा चाळीस वर्षांचा नियम. गाणं सुरू झालं. तिने डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"मागे घूं वाजतंय हो काहीतरी."

"कुठे?" त्याला गाणंच कसंबसं लागत होतं.

"माझ्या आवाजाच्या खाली. डबीत माशी अडकावी तसं."

झालं. वायरमनच्या घरात, वायरमनच्याच बोर्डात खोट! त्याच्या ते जिव्हारी लागलं. आणि खरं सांगायचं तर बायकोसाठी करण्यासारखं त्याच्याकडे एवढंच उरलं होतं. औषधातलं त्याला काही कळत नव्हतं, वायरीतलं कळत होतं. जाण्याआधी एकदा तिने तिचं गाणं नितळ ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं.

मग दोघांची एक रीतच पडली. दिवसभर तो एक काहीतरी बदलायचा, संध्याकाळी कॅसेट लावून तिच्या तोंडाकडे बघत बसायचा. कान तिचे, हात त्याचे. सॉकेट बदललं. "आहे अजून." फ्रिज आणि पंखे त्या लाइनवरून काढले. "आहे." मेन बोर्डापासून नवी वायर ओढली. "आहे हो." शेवटी अंगणात दोन खड्डे खणले, कोळसा-मीठ भरलं आणि दोन्ही भिंतींच्या बोर्डांना वेगवेगळं, ताजं अर्थिंग दिलं. चार दिवस कंबर मोडून काम केलं.

"आज जरा जास्तच वाजतंय," ती हळूच म्हणाली.

लेक दूरच्या शहरात नाटकांच्या ध्वनियोजनेचं काम करायची. तिला एक फोन केला असता तर? पण प्लगला वायर कशी जोडायची हे जिला त्याने शिकवलं, तिला विचारायचं? छे!

पुढच्या संध्याकाळी तो बोर्ड उघडून गुडघ्यांवर बसला होता. केसांत सिमेंट, बोटांना चिंध्या बांधलेल्या. तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्याने कॅसेट लावली.

"गेलं," ती म्हणाली.

"खरंच?"

"अगदी स्वच्छ आहे." आणि तिने चारही मिनिटं डोळे मिटून ऐकलं. चेहरा हसरा होता.

वायरमन ढसाढसा रडला. मग तोंड धुऊन डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना सांगत सुटला. लेकीलाही फोनवर ओरडून सांगितलं. नऊ दिवसांनी बायको गेली. तो कोसळला, पण तळाशी एक आधार होता: तेवढं तरी मी तिला दिलं.

लेक शेवटच्या दिवशी पोचली तेव्हा आईचं बोलणं थांबलेलं होतं. सगळं आटोपल्यावर, तिसऱ्या आठवड्यात, ती म्हणाली, "बाबा, आईचं गाणं लावा ना."

त्याने ऐटीत लावलं. लेकीने कपाळाला आठ्या घातल्या.

"बाबा, हे घूं कसलं? केवढं वाजतंय!"

"नाही गं. गेलंय ते. तुझ्या आईने ऐकलं. अगदी स्वच्छ म्हणाली."

लेक उठून भिंतीपाशी गेली. तिने वायरी हाताने धरून माग काढला. एक प्लग या भिंतीला, एक त्या. त्याच्याजवळ येऊन, डाव्या कानाशी ती म्हणाली, "दोन बोर्ड, दोन अर्थिंग. त्यांच्यातली वीज गाण्याच्या वायरीतून फिरते, म्हणून वाजतंय. दोन्ही प्लग एकाच बोर्डात हवे होते."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

तो खाटेच्या कडेवर बसला. गादी गुंडाळून ठेवलेली होती. चार मिनिटं ती डोळे मिटून ते घूं ऐकत पडली होती आणि हसत होती, हे त्याला आता कळलं. त्याच्या चिंध्या बांधलेल्या बोटांसाठी.

लेकीने प्लग उपसला, दुसऱ्याच्या शेजारी खोचला. अर्ध्या मिनिटाचं काम. कॅसेट पुन्हा लावली.

"गेलं, बाबा. आता अगदी स्वच्छ आहे."

त्याने मान वर केली. तेच शब्द. तोच मऊ आवाज, तोच चेहरा, आईकडूनच आलेला.

"खरंच गेलं?"

"खरंच. तुमची शपथ."

तो उठला, स्पीकरपाशी जमिनीवर बसला आणि त्याच्या जाळीला गाल टेकवला. गालाला बारीक थरथर लागत होती. त्यातली बायकोच्या आवाजाची किती आणि वायरींची किती, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.