शेंडीवाला नारळ

हर्षालीनं जन्मात कधी पत्त्यांची साधी जादू केली नव्हती, आणि आता निघाली होती पाण्यानं नारळ पेटवायला! तोही दीडशे पोरांसमोर. सास्तूरच्या शिवेला लागून एक लहानसं गाव आहे, तिथल्या शाळेत ती विज्ञान शिकवायची, रोज उमरग्याहून स्कूटीवर यायची. जादूगार व्हायची हौस तिला मुळीच नव्हती. पण सातवीतल्या प्रतीक्षानं तिची झोप उडवली होती.

प्रतीक्षाला फिट यायची. उमरग्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांवर पोर वर्षभर ठणठणीत होती. मग कुणीतरी तिच्या आजीच्या, धुरपदाबाईच्या, कानाला लागलं आणि आजी नातीला घेऊन नळदुर्गच्या वाटेवरच्या एका बुवाकडं गेली. बुवानं शेंडीवाल्या नारळावर नुसतं पाणी शिंपडलं आणि नारळ भडकला. झालं! पोरीच्या अंगातलं बाहेर पडलं म्हणे, गोळ्या बंद. तेव्हापासून तीन महिन्यांत पोर चारदा पडली, एकदा तर विहिरीच्या काठावर. आईबाप पुण्याला कंपनीत. त्यांचं फोनवर एकच, आजी म्हणेल तसं.

हर्षाली दोनदा घरी जाऊन समजावून आली. म्हातारी वाईट नव्हती हो, नातीवर जीव ओवाळून टाकणारी. पण डोळ्यांनी बघितलेला नारळ ती कुणाच्या शब्दावर खोटा मानायला तयार नव्हती. "तुमी शिकल्यालं हाव बाई," ती म्हणाली, "पर म्या माझ्या डोळ्यानं बघितलंय." आणि सोमवारच्या अमावस्येला बुवा पोरीला तीन दिवस मठातच ठेवून घेणार होता. तिथं पोरीला झटका आला तर कोण बघणार?

ठीक आहे, मग डोळ्यांनीच दाखवू, असं तिनं ठरवलं. शनिवारी पोरं दप्तराविना येतात, तेव्हा जादूचा खेळ करायचा, आजीला प्रमुख पाहुणी म्हणून पहिल्या ओळीत बसवायचं, नारळ पेटवायचा आणि लगेच त्यातली लबाडी उलगडून दाखवायची. हेडमास्तरांनी परवानगी दिली, पण बजावलं, की बुवाचं नाव काढलंत तर तुम्ही जाणा आणि गाव जाणे.

दोन आठवडे ती खोलीच्या गच्चीवर नारळांशी झुंजत होती. प्रयोगशाळेत रॉकेलच्या बाटलीत बुडवून ठेवलेला एक मऊ धातू असतो, सोडियम, त्याला पाणी लागलं की तो पेट घेतो. त्याचा वाटाण्याएवढा तुकडा शेंडीत लपवायचा, एवढीच ती जादू. पहिला नारळ पेटलाच नाही. दुसरा असा भडकला की तिची डावी भुवई होरपळली. तिसरा कुठं जमला. लिंबू कापून लाल रस काढायचा आणि दोरीची गाठ फुंकरीनं सोडायची, असे दोन किरकोळ खेळही तिनं घोकून ठेवले. नारळाचं मात्र तिनं कुणालाच सांगितलं नाही. गावात एकाच्या कानात सांगितलं की पारावर पोचतं, हे ती ओळखून होती. शहाणपणाच होता तो, पण तोच अंगाशी आला.

शनिवारी सकाळी तिनं तयार नारळ ओसरीवरच्या टेबलावर ठेवला, त्यावर काळं फडकं झाकलं आणि पोरांना ओळीनं बसवायला पटांगणात गेली. सत्काराची तयारी शिपाई कोंडीराममामांकडं होती. मामा कामाला वाघ. शाल आणली, झेंडूचा हार आणला, तो सुकू नये म्हणून त्यावर तांब्यानं पाणी मारलं. हेडमास्तरांनी स्वागत केलं आणि शाल, श्रीफळ, हार धुरपदाबाईच्या हाती दिला. म्हातारीनं आयुष्यात पहिल्यांदा शाल पांघरली. तिनं नारळ कपाळाला लावला, मांडीवर पदरात घेतला, त्याच्यावर हार ठेवला आणि अंग चोरून खुर्चीवर बसली. पोरांत बसलेली प्रतीक्षा आजीकडं बघून लाजून हसत होती.

लिंबातून लाल रस निघाला तेव्हा पोरं ओरडली. दोरीची गाठ सुटायला वेळ लागला, आणि मागून कुणीतरी म्हणालंच की बाईंनी दुसरी दोरी लपवलीय. तिनं तिकडं कानाडोळा केला. आता नारळ! तिनं तांब्या जवळ ओढला, फडकं उचललं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

फडक्याखाली तुळतुळीत सोललेला, शेंडीच नसलेला नारळ होता.

वर्गाच्या दाराशी उभे असलेले मामा समाधानानं मान हलवत होते. तिनं जाऊन हळूच विचारलं, तर मामांनी तितक्याच हळू आवाजात सांगितलं, की बाजारातून आणलेल्या नारळाची शेंडी पार उपटलेली निघाली. बिनशेंडीचा नारळ पाहुणीच्या हातात कसा द्यायचा, तो अपमान की! तुमच्या टेबलावरचा नारळ शेंडीनं भरलेला, म्हणून तो सत्काराला घेतला आणि हा तिथं झाकून ठेवला. खेळाला काय, कुठलाबी चालतो.

हर्षालीनं वळून पाहिलं. झेंडूचा हार म्हातारीच्या मांडीवर ओलाचिंब पडला होता, त्याचं पाणी पदरात उतरून कडेनं जमिनीवर टपटपत होतं. त्याच्याखाली तो नारळ. सुती नऊवारी. एक थेंब शेंडीत मुरला की संपलं.

आता काय करायचं? काही न सांगता नारळ मागितला आणि पेटवला तर खेळ वाचत होता. पण म्हातारी आढेवेढे घेणार, नारळ हातात उलटासुलटा करणार, आणि तेवढ्यात कमीजास्त झालं तर? खरं सांगितलं तर जादू तिथंच मेली. दोन आठवडे मातीत, आणि सोमवारी पोर मठात. हर्षालीला रडू कोसळायचं तेवढं बाकी होतं. तरी ती पुढं झाली, आधी हार उचलून बाजूला टाकला आणि म्हणाली, "आजी, हलू नका. तो नारळ मला द्या."

धुरपदाबाईनं नारळ छातीशी धरला. सगळी शाळा बघत होती. "दिल्याला नारळ माघारी मागता व्हय बाई? पोरीचं घर हाय माझं. असला अपशकून करू नगा."

"आजी, त्यात मी पेटणारी वस्तू भरलीय. पाणी लागलं तर तुम्ही भाजाल."

हेडमास्तर अर्धवट उठले. म्हातारी हर्षालीकडं बघत राहिली, मग नारळाकडं. तिनं शेंडीला हात लावला नाही. हळूहळू उठली, पटांगणात चार पावलं गेली आणि नारळ मोकळ्या जमिनीवर ठेवला. पोरांना मागं सरकवा, म्हणाली. मग टेबलावरचा तांब्या स्वतःच उचलला.

"मंतर लागतो का?" तिनं विचारलं.

"नाही आजी."

"उपास? सोवळं?"

"काहीच नाही. पण लांबून शिंपडा."

म्हातारीनं ओंजळभर पाणी फेकलं. काहीच झालं नाही. हर्षालीनं मान पुढं काढून पाहिलं. तुकडा वाटेत पडला की काय, दमटून आधीच खलास झाला की काय. म्हातारीच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी दिसू लागलं, तेवढ्यात शेंडीत चर्र झालं, धूर निघाला आणि नारळ पिवळाधमक भडकला.

पोरांनी टाळ्यांनी पटांगण डोक्यावर घेतलं. धुरपदाबाई मात्र जाळ विझेपर्यंत तिथंच उभी राहिली. काळी पडलेली शेंडी धुमसत होती. तिनं आपला ओला हात उलटा केला, सुलटा केला, बघितला. या हातानं तिनं जन्मभर शेण काढलं होतं, भाकऱ्या थापल्या होत्या. या हाताला कसली आलीय सिद्धी!

"बाई," ती सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं म्हणाली, "अशाच एका नारळापायी पोरीच्या गोळ्या म्या चुलीत घातल्या. कुनी सांगितलं म्हनून न्हाय, ह्याच हातानं घातल्या. इहिरीवर पडली तवाबी म्या तिला अंगाराच लावला." तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि सगळ्यांदेखत रडली.

हर्षालीचेही डोळे भरून आले. जिंकल्याचं तिला काहीच वाटत नव्हतं, उलट या माउलीला भरल्या शाळेत उघडं पाडलं, असंच मनाला लागत होतं. ती जवळ गेली, पण म्हातारीनं डोळे पुसून घेतले आणि उमरग्याचा डॉक्टर शनिवारी असतो का, एवढंच विचारलं. असतो, दुपारी दोनपर्यंत, हर्षाली म्हणाली.

धुरपदाबाई पोरांच्या ओळीत शिरली आणि तिनं नातीचं मनगट धरलं. प्रतीक्षा जागची हलेना. तिचं ध्यान टेबलाकडं होतं, तिथं तो सोललेला नारळ अजून तसाच होता. "आजे, थांब की," ती म्हणाली, "खेळ अजून ऱ्हायलाय."

"तीन महिनं खेळच बघितला म्या," म्हातारी म्हणाली. "चल."