बाटली पाण्याखाली भरायची

विहिरी आटून गेल्या होत्या. भोकरजवळच्या त्या गावात एकच हातपंप चालू राहिला होता, खोल खडकात उतरलेला. त्याच्या पाण्यातला रेडॉन मोजायला साहेबराव आला होता. खडकातून आपोआप पाण्यात उतरणारा हा किरणोत्सारी वायू. ना रंग, ना वास. आकडा मोठा आला तर टाकी बांधून, वायू जाईपर्यंत पाणी निवांत ठेवूनच गावाला द्यायचं, लहान आला तर पंप आहे तसाच. त्याची सरजामावशी हेच पाणी पीत होती.

"बादलीत बाटली बुडवायची, पाण्याखाली भरायची, झाकणही पाण्याखालीच. हवा लागली की वायू उडाला," त्यानं पंप सांभाळणाऱ्या भुजंगला समजावलं.

"हाव, सोपं हाय की," म्हणत भुजंगनं बादली पुढं केली. "साहेब, तुम्ही कुणाचे?"

"बौद्ध वस्तीतल्या सरजाबाईचा भाचा."

बादली मागं गेली. "बाटली ठिवा खाली. मी वरून देतो."

वस्तीतल्या बाया, त्यांत सरजामावशीही, घागरी मांडून लांब उभ्या होत्या. त्यांच्या घागरीत सोडायचा तसंच भुजंगनं हातभर उंचीवरून बाटलीत पाणी सोडलं. फेस आला.

"अहो, वायू उडतो अशानं! आकडा खोटाच लहान येईल!"

"उडाला तर बरंच की! मावशीला सांगा, फुकटात शुद्ध करून देतो."

पारावरचे हसले. साहेबरावाची कानशिलं तापली.

जीपमधून त्याचे वरिष्ठ मल्लिकार्जुन साहेब ओरडले, "घे रे ती बाटली. येईल तो आकडा लिहू. मला लातूर गाठायचंय, नव्या जिल्ह्याचं ऑफिस अजून खोक्यात आहे."

"तो आकडा पंपाचा नसेल सर, ह्यांच्या विटाळाचा असेल."

"तसं लिहिता येत नाही."

"मग खोटं लिहिता येतं?"

त्यानं बाटली मावशीच्या घागरीत रिती केली, जीपमधली स्वतःची बादली आणून पंपाखाली ठेवली. "मारा दांडा."

भुजंगनं हाताची घडी घातली.

"मावशी, तू ये."

"तू जाशील निघून, बाबा," ती हळू म्हणाली. "आमाला हितंच ऱ्हायचंय."

"आकडा चुकला तर हेच पीत राहशील. ह्यांची लेकरंसुद्धा!"

सरजाबाईनं भुजंगकडं पाहिलं. पदर खोचला, दांडा धरला. "पंप सरकारचा हाय, भुजंगा. तुझ्या बापाचा न्हाई."

भुजंग शिव्या देत गावात पळाला. बादली भरली. साहेबरावानं बाटली बुडवून भरली, पाण्याखालीच झाकण आवळलं, मग दुसरी भरली.

"बस गाडीत," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता.

त्यानं एक बाटली खिडकीतून त्यांच्या हातात दिली. "वाटेत नांदेडला प्रयोगशाळेत द्या, आजच. चार दिवसांत निम्मा वायू संपतो. आकडा बदललात तर माझ्याजवळ दुसरी आहे."

"आणि तू?"

"ह्यांच्या घागरी भरल्यावर एसटीनं येतो."

गल्लीतून माणसांचा गलका जवळ येत होता. साहेबरावानं बाह्या वर सारल्या आणि मावशीशेजारी दांडा धरला.