कुणालीचे पप्पा घळीत येतात

खर्डीला दोन जीपमध्ये सामान चढवताना दामिनीबाईंनी सोळा मुली मोजल्या, सोळा सॅक मोजल्या, आणि मग सतरावी सॅक दिसली. तिच्यामागे कुणालीचे पप्पा, शाम, कमरेवर हात ठेवून उभे होते.

"मी पण येतो मॅडम. मुलींना दरीत एकट्यांना कसं सोडायचं?"

"एकट्या कुठे? मी आहे, रुपाबाई आहेत, वाट दाखवायला सावळी आहे."

"हो, पण जेन्ट्स कोणी नाही ना."

दामिनीबाई अकरा वर्षं शहापूरच्या शाळेतल्या गाईडच्या मुलींना घेऊन डोंगर हिंडत होत्या. या घळीची परवानगी मिळवायला तीन महिने चपला झिजवल्या होत्या, आणि आतलं कुंड त्यांनी स्वतःही अजून पाहिलं नव्हतं. तिथेच ठाम नाही म्हणायला हवं होतं. पण जीपवाले हॉर्न वाजवत होते, आणि कुणाली मान खाली घालून एकच नाडी पुन्हा पुन्हा बांधत होती. "बसा," त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून त्यांचं डोकं उठलं.

पाड्यापासून घळीच्या तोंडापर्यंत दोन तासांची वाट. तेवढ्यात शामरावांनी तीनदा मोबाइलवरचा नकाशा पुढे केला.

"हा बघा शॉर्टकट!"

सावळीचा जन्म त्या पाड्यावर गेलेला. "तिथं कडा हाय, दादा," एवढं बोलून ती चालत राहिली.

मुक्कामावर मुलींनी तंबू ठोकला, तर शामरावांनी खुंट्या उपटून पुन्हा ठोकल्या. चूल पेटवली, तर धूर होतोय. भात लावला, तर पाणी जास्त झालं. भात खरंच गिचका झाला, याचा तर दामिनीबाईंना जास्तच राग आला.

रविवारी सकाळी सगळ्या घळीत उतरल्या. दोन्हीकडे काळ्या कातळाच्या उभ्या भिंती आणि मध्ये घराएवढे धोंडे. सावळीने सगळ्यांना बसून घसरत उतरायला सांगितलं. शामराव मात्र कसं उतरायचं ते दाखवायला उभ्यानेच उतरले, आणि पाय मुरगळून मटकन खाली बसले.

मुलींना आनंदच झाला. स्ट्रेचर करायची संधी! दोन लाठ्या आल्या, चादर आली, कोणती गाठ मारायची यावरून भांडण झालं. सहाजणींनी उचललं, दहा पावलं नेलं आणि धपकन खाली ठेवलं.

"भाताचं पोतं बरं, बाई," सावळी म्हणाली. "ते बोलत तरी नाय."

घोट्याला सूज होती, पण बोटं हलत होती. दामिनीबाईंनी पट्टी बांधली. सगळ्यांनीच परत फिरावं, असं रुपाबाईंनी सुचवताच सोळा तोंडं उतरली.

"तुम्ही जा," दामिनीबाई दात आवळून म्हणाल्या. "मी बसते यांच्यापाशी."

मुली धोंड्यांआड दिसेनाशा झाल्या. मग शामरावच म्हणाले, "पहाटे पाचला घर सोडतो मॅडम. परत येतो तेव्हा ती झोपलेली. रविवारी ती तुमच्याकडे. म्हटलं, दोन दिवस तरी सोबत राहावं."

"मग दोन दिवसांत काय बोललात तिच्याशी?"

त्यांनी आठवून पाहिलं. "खुंटी नीट ठोक, म्हणालो."

दामिनीबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "शामराव, तुमच्यामुळे माझं कुंड राहिलं. हे मी विसरणार नाही."

"सॉरी, मॅडम."

दोन तासांनी मुली ओल्याचिंब होऊन, कलकलाट करत परतल्या. कुणाली पप्पांसमोर थांबली.

"दुखतंय?"

"थोडं. तू आधी केस पूस—" दामिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. शामरावांनी उरलेलं वाक्य गिळलं. "कसं होतं आत?"

कुणाली जरा घुटमळली. मग शेजारी बसली आणि सांगू लागली: छातीएवढं थंड पाणी, डोक्यावर धरलेली सॅक, मनालीच्या बुटात शिरलेला खेकडा. शामरावांचं तोंड दोनदा उघडलं आणि मिटलं.

परतीच्या वाटेला चार तास लागले. एका बाजूने सावळी, दुसऱ्या बाजूने कुणाली. दर धोंड्यावर कुणाली बजावत होती, "बसून, पप्पा. बसून उतरा."

पाड्यावर टेकल्यावर रुपाबाईंनी कुंडाचा फोटो दाखवायला मोबाइल पुढे केला.

"नको," दामिनीबाई बूट काढत म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात मी स्वतः येऊन बघते. एकटी."