कट्टेपाळ्याची यादी

बंगळूरातल्या एका नाल्याच्या अलीकडे कट्टेपाळ्य या वस्तीची पत्र्याची घरं होती आणि पलीकडे अपार्टमेंटचे सहा टॉवर. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर, पण मध्ये नाला आडवा. त्यामुळे वस्तीतल्या बायकांना कामावर जायला हेब्बाळच्या बाजूने दीड किलोमीटरचा वळसा पडायचा. घाईच्या वेळी काहीजणी नाल्यावरून गेलेल्या जाड पाइपवरून तोल सावरत पलीकडे जायच्या. श्रावणात फुलं विकणारी प्रेमा त्याच पाइपवरून घसरली आणि मनगट मोडून घेऊन आली. तिच्या शेजारी राहणाऱ्या गोजराबाईने तेव्हाच ठरवलं की आता नाल्यावर पूल मागायचा.

गोजराबाई बिदरजवळच्या भालकीकडची. नवरा, मुलगा, सून यांच्यासह ती अकरा वर्षं इथे राहत होती आणि समोरच्या टॉवरमध्ये चार घरचा स्वयंपाक करत होती. पूल मागायला नगरसेवकाकडे जावं, तर शहरात कित्येक वर्षं पालिकेची निवडणूकच झाली नव्हती. मग ती आमदाराच्या ऑफिसात गेली. तिथे लोकांची गाऱ्हाणी लिहून घ्यायला मल्लाप्पा नावाचा माणूस बसत असे. पन्नाशीचा, थकलेला, पण सरळ बोलणारा. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं, मतदारांची यादी काढली आणि पानं चाळत विचारलं, "अक्का, तुमच्या वस्तीत घरं किती?"

"दीडशेच्या वर."

"आणि मतं एकोणचाळीस. तुमच्या मागच्या लेआउटमधल्या कॉलनीची नऊशे आहेत, त्यांनाही रस्ता हवाय. खोटं कशाला सांगू? आधी काम कुणाचं होईल, तुम्हीच बघा."

वाईट वाटायला हवं होतं, पण गोजराबाईला त्या माणसाचा राग आला नाही. इतकी वर्षं कुठल्याही कामाला गेलं तरी कुणी हो म्हणायचं, कुणी उद्या या म्हणायचं; खरं कारण आज पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं होतं. ती यादी आपल्याला मिळेल का, असं तिने विचारलं. कुणालाही मिळते, मल्लाप्पा म्हणाला, आणि कुठून घ्यायची तेही त्याने सांगितलं.

वळसा घालून घरी येईपर्यंत तिच्या ध्यानात सगळा घोळ आला. वस्तीतल्या बहुतेकांची मतं गावाकडे होती. कुणाचं बिदरला, कुणाचं यादगीरला, कुणाचं रायचूरला. निवडणूक आली की गावाहून टेम्पो यायचा, माणसं भरून न्यायचा आणि दोन दिवसांनी आणून सोडायचा. इथल्या नाल्याबद्दल त्या टेम्पोतल्या कुणाला काय बोलता येणार होतं? आणि तिचं स्वतःचं नाव तरी इथल्या यादीत कुठे होतं?

टॉवरमधल्या ज्या चार घरी ती स्वयंपाक करायची, त्यांतल्या सुलभाताईंच्या कानावर तिने हे घातलं. सुलभाताई एका सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेल्या, चौतीस वर्षं बंगळूरात राहिलेल्या, कानडी लिहिता-वाचता येणाऱ्या. नाव इकडे आणण्याचा अर्ज त्यांनी तिथल्या तिथे कॉम्प्युटरवर शोधून काढला आणि म्हणाल्या की सगळ्यांची कागदपत्रं मला आणून द्या, मी इथे बसून आठ दिवसांत भरून टाकते. गोजराबाई पोळी लाटता लाटता थांबली. नको, म्हणाली. लोकांना वाटेल हे ताईंचं काम आहे. ताईंनी वस्तीत यावं, शिकवावं, भरायचं ते आमची पोरं भरतील. सुलभाताईंना क्षणभर ते लागलं. पण रविवारी त्या आल्या, मारम्माच्या देवळाच्या कट्ट्यावर बसल्या आणि कॉलेजला जाणाऱ्या चार मुलींना अर्ज भरायला शिकवून गेल्या.

लोक मात्र हलेनात. गावचं मत काढलं तर गाव तुटेल, असं ज्याच्या त्याच्या मनात. गोजराबाई कितीही बोलली तरी प्रश्न एकच यायचा: तुमचं काढलं का? ते काढणं सोपं नव्हतं. गावात तिचा धाकटा भाऊ उमाकांत पंचायतीचा सदस्य होता आणि मागच्या खेपेला तीन मतांनी निवडून आला होता. तिच्या घरची मतं चार होती.

तिने त्याला फोन केला. आधी पावसापाण्याचं बोलून झालं, मग तिने सांगून टाकलं. 

"अक्का, तू मला पाडायलीस," उमाकांत म्हणाला.

"तुला पाडायला नाही करायले रे. मी वर्षातले आठ दिवस गावात असते. राहिलेलं सगळं वर्ष इथं. प्रेमाचा हात मोडला, उद्या माझ्या सुनेचा मोडंल. ती दोन जिवांची हाय."

"मग मी काय लोकांना सांगू? सख्ख्या बहिणीनं मत काढून नेलं म्हणून?"

"चार मतं गावात राहणाऱ्यांकडून मिळव. तू काम करतोस, मिळतील तुला."

त्याने फोन ठेवला.  हा भाऊ तिने कडेवर खेळवला होता. मग डोळे पुसून ती कट्ट्यावर गेली आणि पहिला अर्ज स्वतःचा भरून त्यावर सही केली. दुसरा नवऱ्याचा, तिसरा-चौथा मुलाचा आणि सुनेचा. चारही कागद तिने संध्याकाळी घरोघरी फिरून दाखवले. त्यानंतर तिला फारसं बोलावं लागलं नाही.

पुढची अडचण आली ती घर क्रमांकाची. यादीचं काम अंगणवाडीच्या शिक्षिका सुनंदा यांच्याकडे होतं. वस्तीत घरांना नंबरच नाहीत, मग मी तपासणीला कुणाच्या दारात जाऊन उभी राहू, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचंही खरं होतं. दोन दिवसांत वस्तीतल्या रंगाऱ्यांनी उरलासुरला निळा ऑइलपेंट आणला आणि प्रत्येक दारावर ठसठशीत आकडा घातला. एक ते एकशे त्रेसष्ट. प्रेमाने एका हाताने वहीत उतरवलं: दार कितवं, माणसं कोण, अठराच्या वरची किती. सुनंदाबाई दारोदार फिरल्या, गॅसच्या पावत्या, पासबुकं, शाळेचे दाखले बघितले, जिथे काहीच नव्हतं तिथे शेजाऱ्यांना विचारलं. बावीस अर्ज परत आले, ते पुन्हा भरले. यादी छापून आली तेव्हा कट्टेपाळ्याची नावं होती तीनशे अठ्ठ्याऐंशी.

आमदारकीची निवडणूक जवळ आली तशी पक्षांची माणसं वस्तीत यायला लागली. कुणी कुकर वाटले. गोजराबाईने कुणाला घेऊ नका म्हटलं नाही, कारण ते कुणी ऐकलं नसतं, हे तिला माहीत होतं. तिने तिन्ही उमेदवारांना एकच निरोप धाडला: रविवारी चार वाजता देवळापाशी या, प्रत्येकाला दहा मिनिटं, पुलाचं काय ते लिहून द्यायचं. वेगवेगळं घरोघर फिरायचं नाही.

दोघे आले. आमदार स्वतः आले नाहीत, त्यांनी मल्लाप्पाला पाठवलं. पहिल्या दोघांनी कागदावर सह्या केल्या. मल्लाप्पाची पाळी आली तेव्हा तो उठून उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला की सही करायचा अधिकार मला नाही, साहेबांना सांगतो, स्वल्प वेळ द्या. गोजराबाईने त्याला चहा दिला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "अण्णा, तुम्हीच मला यादी दाखवली होती. त्याचे उपकार आहेत. पण मत कागद बघून पडणार."

मतदानाच्या दिवशी गावचे टेम्पो आले आणि जवळजवळ रिकामेच परत गेले. वस्ती सकाळी सात वाजता रांगेत उभी होती. कुणी कुणाला दिलं हे कुणी विचारलं नाही, पण किती गेले ते प्रेमाच्या वहीत होतं: तीनशे एकसष्ट.

आमदार पुन्हा निवडून आले, चांगल्या फरकाने. वस्तीतले काहीजण हिरमुसले, एवढं करून काय मिळालं, म्हणाले. गोजराबाई मात्र थांबून राहिली. सुलभाताईंनी तिला सांगितलं होतं की प्रत्येक केंद्रावर कुणाला किती मतं पडली त्याचे आकडे बाहेर येतात आणि पक्षाची माणसं ते बारकाईने बघतात. तिसऱ्या आठवड्यात मल्लाप्पा आला. वळसा घालून, घामाघूम होऊन तिचं सत्तेचाळीस नंबरचं दार शोधत आला.

"तुमच्या केंद्रावर आम्ही तिसरे आलो," तो म्हणाला. "आजूबाजूच्या सगळ्या केंद्रांवर पहिले, इथेच तिसरे. साहेब विचारतात, पूल नेमका कुठे हवा?"

ती त्याला घेऊन नाल्यापाशी गेली आणि पाइपाच्या डाव्या हाताची, काठ पक्का असलेली जागा दाखवली. प्रेमाने विचारलं की रुंदी किती ठेवणार, फुलांची हातगाडी जायला हवी. मल्लाप्पाने ते लिहून घेतलं. नंतर इंजिनिअर आले, माती तपासली, मध्ये दोन महिने काम रखडलं तेव्हा साठ बायका एकाच दिवशी ऑफिसात जाऊन बसल्या, आणि दिवाळीच्या आधी लोखंडी पूल उभा राहिला. आमदार फीत कापायला आले. त्यांचा हार प्रेमाने केला आणि त्याचे पैसे रोख घेतले.

उमाकांत वर्षभर नीट बोलला नाही. त्याच्या पुतणीच्या लग्नात त्याने बहिणीला साडी नेसवली, जेवायला वाढलं, पण नजरेला नजर दिली नाही. गोजराबाईला ते सलत राहिलं. तिने त्याला समजावायचा प्रयत्न केला नाही. दर रविवारी फोन मात्र करत राहिली.

संक्रांत झाल्यावर येलहंक्याकडच्या दगडफोड्यांच्या वस्तीतून दोन बायका तिला शोधत आल्या. त्यांच्याकडे प्यायच्या पाण्याचा नळ नव्हता. थोरली म्हणाली, आम्हाला मोठ्या साहेबांकडे घेऊन चला, तुमची ओळख आहे म्हणतात. गोजराबाईने त्यांना बसवलं, पाणी दिलं.

"साहेबांकडं जाऊ की. आधी मला सांगा, तुमच्या घरात अठरा वर्षांच्या वरची माणसं किती?"

थोरली बाई बोटं दुमडून मोजायला लागली.