बासिलियाच्या नावाचा पाव

"हे कुणाचं?" मेजावरचं पावाचं बाळ उचलून गोन्सालोनं विचारलं.

नेलिदा, त्याच्या वडिलांची जुनी विद्यार्थिनी, मेजाच्या पायांना उसाची कांडी बांधत होती. सुतळीचं एक टोक तिच्या दातांत होतं. ते सोडवून ती म्हणाली, "खाली ठेव ते. मान मोडेल त्याची."

"कुणाचं, ते विचारतोय मी."

"तुला ठाऊक आहे कुणाचं."

ठाऊक होतंच. मृतांच्या सणाला या घरात मेज मांडलं की त्यावर आजोबांच्या नावाचा असा बाळाच्या आकाराचा पाव असायचा, आजीच्या नावाचा असायचा आणि त्यांच्या शेजारी बासिलियाच्या नावाचा असायचा. बासिलिया या घरातली कोणीच नव्हती. यंदा मेजाच्या मधोमध गोन्सालोच्या वडिलांचा, डॉक्टर लिसान्द्रो साम्ब्राना यांचा फोटो होता. हिवाळ्यात ते गेले. काळ्या कापडावर त्यांच्या आवडीचं शेंगदाण्याचं सूप होतं, मक्याच्या दारूचा, चिचाचा, घडा होता, आत्म्याला उतरून यायला पावाचीच शिडी होती. वाटेत त्याला तहान लागली तर पाणी असावं म्हणून कांद्याची फुललेली पोकळ पात होती. आणि नेलिदानं स्वतः भाजून, फडक्यात गुंडाळून आणलेलं हे एक जास्तीचं बाळ.

"यंदा हे मेज पप्पांचं आहे," गोन्सालो म्हणाला.

"त्यांचंच आहे. म्हणून तर आणलं."

गोन्सालो सान्ता क्रूसला हृदयरोगाचा डॉक्टर होता. सकाळच्या विमानानं तो कोचाबाम्बाला आला होता आणि अजून त्यानं कोटही काढला नव्हता. स्वयंपाकघरात आईला ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं आवाज उतरवला.

"बारा वाजता कॉलेजची मुलं येतील. डीनसाहेब येणार आहेत. तुम्ही बोला, नेलिदा. पप्पांबद्दल तुमच्याइतकं चांगलं कोणी बोलणार नाही. पण ती गोष्ट नको."

नेलिदानं गाठ ओढून घट्ट केली. "तीच सांगायची आहे."

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या दिवसांत प्रोफेसर साम्ब्रानांचा आवाज इतका बारीक झाला होता, की तोंडाशी कान न्यावा लागे. एका दुपारी त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "मेजावरची गोष्ट आता तुझ्याकडे." ती "हो" म्हणाली. मग त्यांनी नर्स जेवली का, ते विचारलं. एवढंच झालं. पण ते "हो" नेलिदाच्या मनात खुंटीसारखं पक्कं बसलं होतं.

नेलिदा मूळची पुनाताची. तिची आई चिचा विकायची. मेडिकल कॉलेजात पाऊल टाकलं तेव्हा तिनं मनाशी ठरवलं होतं, की इथे गावाकडची केचुआ बोलायची नाही. घरची भाषा घरी. वर्गातल्या निम्म्या मुलांनी तेच ठरवलं होतं आणि सगळी एकमेकांपासून लपवत होती. वॉर्डमधल्या पहिल्या दिवशी प्रोफेसर साम्ब्रानांनी दाराशी एक पांढरं बेसिन ठेवलं आणि सगळ्यांच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपच्या नळ्या त्यात टाकायला लावल्या. "कान नंतर," ते म्हणाले. "आधी डोळे. दुखतं कुठे ते रोग्याला हातानं दाखवू द्या." मग त्यांनी विचारलं, "केचुआ कोणाकोणाला येते?" एकही हात वर झाला नाही. त्यांनी मान हलवली. "बरं. सणाला माझ्या घरी या. पाव मिळेल."

त्या वर्षी मेजापाशी उभं राहून त्यांनी बासिलियाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या आठवड्यात वॉर्डमध्ये त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा पहिला हात नेलिदाचा वर गेला. मागोमाग आणखी कितीतरी.

पुढे तिचं सगळं आयुष्य त्याच वॉर्डमध्ये गेलं. तिनं दवाखाना थाटला नाही, लग्न केलं नाही, विभागप्रमुखपद दोनदा जवळून निघून गेलं. दाराशी ते बेसिन मात्र अजून होतं. मुलं पाठीमागे तिला "बेसिनबाई" म्हणायची. तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

"तुम्हाला वाटत असेल, मला लाज वाटते," गोन्सालो म्हणाला. "लाज नाही वाटत. कंटाळलोय मी त्या बाईला. पप्पांनी इतकी माणसं बरी केली, त्यांतल्या एकाचं तरी नाव कधी घेतलं का? हिचं मात्र दर वर्षी. शाळेत पोरं मला विचारायची, काय रे, तुझ्या बापानं मारलेली बाई आज तुमच्याकडे जेवायला येणार ना?"

नेलिदाचे हात थांबले. हे तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"तुम्हाला गुरू मिळाला," तो म्हणाला. "आम्हाला मिळाला तो संध्याकाळी खुर्चीत बसून बूट काढणारा दमलेला माणूस. आता मेल्यावर तरी त्यांना नुसता माझा बाप म्हणून राहू द्या."

नेलिदानं सुतळी पुन्हा उचलली.

एवढ्यात दोन्या आम्पारो, प्रोफेसरांची बायको, गोड पावांचं ताट घेऊन बाहेर आली. "कुजबुजता कशाला?" ती म्हणाली. "मला नाहीतरी ऐकू येत नाही. खुशाल ओरडून भांडा." मग तिचं लक्ष मुलाच्या हाताकडे गेलं. "ठेव रे ते जागेवर. इतक्या वर्षांची पाहुणी, तिला काय दारात उभी करतोस?"

"आई, प्रश्न पावाचा नाहीये."

"आँ?"

"प्रश्न पावाचा नाहीये म्हटलं."

"मग ठेव की. मेज माझं आहे, कोण जेवणार ते मी बघीन. बोलायचं काय, ते तुमचं तुम्ही बघा." ताट ठेवून ती पुन्हा आत गेली.

गोन्सालोनं बाळ जागेवर ठेवलं. नेलिदा गुडघ्यावर हात टेकून उठली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. त्याचे दुधाचे दात पडताना तिनं पाहिले होते.

"गोन्सालो, मी सांगणार आहे," ती म्हणाली. "तुझ्या अपरोक्ष केलं असं व्हायला नको म्हणून आधी सांगते. ऐकवणार नसेल तर अंगणात जाऊन बस. मी रागावणार नाही."

"मी रागावेन."

"रागाव."

बाराच्या घंटा वाजल्या तशी मुलं आली. पहिल्या वर्षाची मुलं ती, इस्त्रीच्या कपड्यांत अवघडलेली आणि भुकेली. एकेकानं पुढे होऊन प्रार्थना म्हणायची आणि दोन्या आम्पारोच्या हातून पाव घ्यायचा. एका लांबड्या मुलानं प्रार्थना अशी भराभर उरकली, की तिच्याही लक्षात आलं.

"एवढ्या घाईला अर्धाच पाव," ती म्हणाली आणि खरंच मोडून अर्धा दिला. मुलं हसली. मग तिनं उरलेला अर्धाही त्याच्या खिशात कोंबला.

डीनसाहेबांनी चार शब्द सांगितले. साम्ब्राना हे आपल्या सगळ्यांचे दीपस्तंभ होते, असं ते म्हणाले. ज्या देशाला समुद्रच नाही तिथल्या मुलांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

नेलिदा मेजाशेजारी येऊन उभी राहिली. गोन्सालो दाराच्या चौकटीत होता. आत नाही, अंगणातही नाही.

"दर वर्षी या मेजापाशी एक गोष्ट सांगतात," तिनं सुरुवात केली. "आजवर ती सांगणारा आज फोटोत आहे, म्हणून मी सांगते. एक तरुण डॉक्टर होता, तुमच्याहून थोडा मोठा. सुक्रेतला शहरी मुलगा. केचुआ पुस्तकातून शिकलेला आणि त्याचा त्याला भारी अभिमान. त्याची नेमणूक झाली वर डोंगरात. एका सकाळी बासिलिया नावाची बाई उतरून आली. म्हणाली, सोन्कोय नानावन. काय म्हणाली ती?"

"माझं हृदय दुखतंय," अर्धा पाव मिळालेल्या मुलानं लगेच सांगितलं.

"छान. डॉक्टरला पण असंच वाटलं. पुस्तकात तसंच दिलं होतं. त्यानं तिच्या छातीला नळी लावली, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि केचुआतूनच तिला म्हणाला, मावशी, तुमचं सोन्को घोड्यासारखं दणकट आहे."

मुलं हसली. या जागी मुलं नेहमीच हसायची. प्रोफेसर त्यांना पुरतं हसू द्यायचे. नेलिदानंही हसू दिलं.

"तिनं आभार मानले आणि ती निघाली. डॉक्टर खूश. दुभाषा लागला नाही, सगळं आपल्याला समजलं. बासिलिया घरापर्यंत पोचली नाही. तिच्या जठराला भोक पडलं होतं."

खोलीत आता कोणी हसत नव्हतं. हातातला पाव चघळणाऱ्या एका मुलानं चघळणं थांबवलं.

"तो डॉक्टर म्हणजे प्रोफेसर साम्ब्राना," नेलिदा म्हणाली. "आता सांगा, तुमच्या घरी सोन्को कशाला म्हणतात?"

मुलं एकमेकांकडे बघत नव्हती. ते बघणं टाळणं नेलिदाच्या चांगलं ओळखीचं होतं. ती थांबून राहिली. घाई तिला कधीच नव्हती.

शेवटी मागच्या रांगेतल्या मिरेया नावाच्या मुलीनं तळहात गळ्याखाली टेकवला आणि हळूहळू बेंबीपर्यंत खाली आणला. "आमच्याकडे इथपासून इथपर्यंत," ती म्हणाली. "माझी आजी भूक लागली तरी सोन्को म्हणते. घाबरली तरी सोन्कोच."

"आजी कुठली तुझी?"

"वरची, तापाकारीकडची." मिरेयाचे कान लाल झाले होते, पण तिनं हात काढला नव्हता. "मग डॉक्टर, त्या बाईनं हात कुठे ठेवला होता?"

हाच तो प्रश्न. काही वर्षी कोणीतरी तो विचारायचं, काही वर्षी कोणीच नाही. विचारला गेला की प्रोफेसर म्हणायचे, "मी पाहिलं नाही," आणि गोष्ट तिथे संपायची. नेलिदानं तेच सांगायला तोंड उघडलं.

"तिचे हात रिकामे नव्हते," दारातून गोन्सालो म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"सांगायचीच तर पुरती सांगा ना." त्याच्या आवाजात सकाळचा राग तसाच होता. "तिच्या हातांत कोंबडी होती. डॉक्टरसाठी आणलेली. दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली, कारण ती फडफडत होती. ती बाई दाखवणार कशानं? पप्पांनी, कोंबडी खाली ठेवा, एवढं म्हटलं नाही. नळी लावायला मध्ये येत होती, तर जरा बाजूला धरा म्हणाले."

तो थांबला. पुढचं बोलावं की नाही, हे त्याचं त्यालाच ठरत नव्हतं असं दिसलं.

"जाताना ती कोंबडी देऊन गेली. संध्याकाळी पप्पांनी त्या कोंबडीचा रस्सा केला आणि खाल्ला. दुसऱ्या दिवशी निरोप आला." त्यानं चौकटीवरचा हात काढला. "मी लहान होतो तेव्हा विचारलं होतं, सगळ्यांकडे कोंबडी करतात, आपल्याकडे का नाही. तेव्हा मला त्यांनी सांगितलं. म्हणाले, वर्गात एवढं सांगायची माझी छाती होत नाही."

डीनसाहेब बुटांकडे बघत होते. दोन्या आम्पारोला किती ऐकू गेलं कोण जाणे. तिनं मेजावरचा एक पाव उगाच सरळ केला. नेलिदा फोटोकडे वळली नाही. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं, की ही गोष्ट तिच्याइतकी कोणाला माहीत नाही. तिला माहीत होती ती सांगता येण्याजोगी होती तेवढीच.

"हे मला माहीत नव्हतं," ती मुलांना म्हणाली. वॉर्डमध्ये नाडीचे ठोके सांगताना असायचा तसाच तिचा आवाज होता. "म्हणजे मीसुद्धा इतकी वर्षं अर्धंच शिकवत होते. गुरुवारी वॉर्डमध्ये याल, तेव्हा नळ्या बेसिनमध्ये टाकायच्या. त्यानंतर रोग्याच्या हातात काय आहे ते बघायचं. मूल असेल, पिशवी असेल, काहीही असेल. ते आपण घ्यायचं. त्यानंतर विचारायचं." मग ती गोन्सालोला म्हणाली, "पुढच्या वर्षी मी इथपर्यंत सांगणार आहे."

"पुढच्या वर्षी मी येईनच असं नाही."

"तू नसलास तरी सांगणार आहे."

तो पुन्हा चौकटीला टेकला.

बाहेरचं फाटक वाजलं. घरोघर फिरून मृतांसाठी प्रार्थना म्हणणारी एक म्हातारी दारात आली होती. पाठीवर गाठोडं, दोन्ही हातांत पावांनी भरलेल्या गोण्या. "कोणासाठी म्हणू?" तिनं केचुआतून विचारलं.

दाराशी गोन्सालोच होता. त्याला केचुआ फारशी येत नव्हती. त्यानं वाकून तिच्या एका हातातली गोणी घेतली, मग दुसऱ्या हातातली घेतली, आणि दोन्ही बाकावर ठेवल्या. म्हातारीनं आखडलेली बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. गोन्सालो तिच्यासमोर उभा राहिला आणि ते हात कुठे टेकतात ते बघत राहिला.