वरच्या मजल्याचा क्लेम

पुराचं पाणी आमच्या घरात कमरेपर्यंत चढलं आणि वरच्या मजल्यावर जाऊबाईंचं पायपुसणंसुद्धा ओलं झालं नाही. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, पाणी काही नाती बघून शिरत नाही. उलट पाणी ओसरेपर्यंत आम्ही दीर-जाऊंकडेच जेवलो-झोपलो, आणि मी भेटेल त्याला सांगत सुटले होते, जाऊ असावी तर अशी.

माझं शिलाई मशीन मात्र चिखलात गेलं. नवऱ्याचा पगार घरी येईपर्यंतच आटतो, घर चालतं ते माझ्या शिवणकामावर. घराचा विमा माझ्या नावावर होता, मशीनही त्यात धरलेलं. क्लेम मिळाला तर नवं मशीन, नाहीतर दुसऱ्याच्या दुकानात काजं-बटणं करत बसायचं. माझा फोन भिजून गेला होता, म्हणून जाऊबाईंनी त्यांच्या फोनवर फोटो काढून दिले. कपाट, फ्रीज, मशीन. किती मन लावून काढले!

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. त्याने भिंतीवरची पाण्याची रेघ टेपने मोजली, मशीनचं चाक फिरवून पाहिलं. ते हलेना. मग टॅब उघडला आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"ताई, हे मशीन वरच्या मजल्याच्या क्लेममध्ये आहे. कपाट, फ्रीजसुद्धा. त्यांनी सामान खाली ठेवायला दिलं होतं म्हणे."

"कोण म्हणे?"

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. तेच फोटो, वर जाऊबाईंचं नाव. फोटो काढताना "जरा बाजूला हो गं, मध्ये येतेस" असं त्या का म्हणत होत्या, ते आत्ता डोक्यात शिरलं. आग्रह करकरून वाढलं आणि केसाने गळा कापला! माझा आवाज चढला.

"साहेब, त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही! मशीन माझं आहे. यांना विचारा. सांगा हो."

नवरा दारात उभा होता. त्याने एकदा जिन्याकडे पाहिलं.

"वहिनींचंच आहे ते," तो म्हणाला. "ही वापरायची, एवढंच."

"अहो, काय बोलताय?"

तो जवळ येऊन कुजबुजला, "दादाची पॉलिसी मोठी आहे. आपल्यालाही देणार आहे तो. गप्प बस ना जरा."

"कधी ठरलं हे?"

"वर होतो तेव्हा."

म्हणजे मी जाऊबाईंचे गोडवे गात त्यांची भांडी घासत होते, तेव्हा पलीकडच्या खोलीत हे तिघं माझं मशीन वाटून घेत होते. जाऊबाईंचा संताप आला होताच. पण याचं लागलं. संसार मांडल्यापासून हा माणूस त्या मशीनच्या खडखडाटात झोपत आलेला. मला रडूही येईना.

सर्व्हेअरने कागद पुढे केला. "मग क्लेम मागे घेताय असं लिहून सही करा. वाद असेल तर चौकशी लागेल, दोन्ही क्लेम अडकतील."

नवऱ्याने खिशातलं पेन काढलं, टोपण उघडून माझ्या हातात दिलं. एवढी तत्परता त्याने लग्नानंतर पहिल्यांदाच दाखवली.

नवं मशीन आता लवकर येत नाही, हे मला कळत होतं. तरी लिहिलं : मशीन माझं आहे. माझा नवरा खोटं बोलतो आहे. खाली सही केली आणि कागद सर्व्हेअरला न देता नवऱ्यापुढे धरला.

"घ्या," मी म्हटलं, "साक्षीदार म्हणून तुम्हीही करा."