उपाशी टाकी

फिटर कारखान्यातून निवृत्त झाला त्याला दीड वर्ष झालं होतं आणि तेवढ्यात त्याने दोनदा वीज वाचवून दाखवली होती. पहिल्यांदा त्याने जुन्या सायकलला पंखा जोडला. पंखा छान फिरायचा. फक्त पायडल मारणाऱ्याला जो घाम यायचा तो वाळवायची त्या पंख्याची ऐपत नव्हती. दुसऱ्यांदा त्याने गच्चीवर काळे पाइप पसरून उन्हावर पाणी तापवलं. पाणी अगदी कढत व्हायचं, पण भर दुपारी, नवराबायको दोघंही गार पाण्याने आंघोळ उरकून शिंकत बसल्यावर. दोन्ही वेळा बायको काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं फिटरला वाटे.

आता तिसऱ्या खेपेला त्याने गच्चीत गॅसची टाकी बसवली होती. एक मोठा ड्रम, त्यात शेणाचा काला, आणि त्या काल्यात पालथा घातलेला दुसरा, जरा लहान ड्रम. वरून खरकटं, सालं, उरलंसुरलं टाकायचं. ते आत कुजतं, त्याचा गॅस होतो आणि गॅस भरला की पालथा ड्रम हळूहळू वर उचलला जातो. तिथून नळी थेट गच्चीतल्याच एका शेगडीला. आपला हात जगन्नाथ, असं म्हणत फिटरने एकट्याने सगळं जोडलं. एकही सांधा गळत नव्हता. चौतीस वर्षं पाइप जोडण्यात घालवलेल्या माणसाचे सांधे गळत नाहीत.

महिना झाला तरी ड्रम मात्र बूड टेकून बसलेला.

गच्चीच्या बरोबर खाली इमारतीचा सेक्रेटरी राहायचा. त्याचं नाक तिखट आणि जीभ त्याहून तिखट. त्याने सभा बोलावली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काका, या शेगडीवर चहा कधी उकळणार? का नुसताच वास घ्यायचा आम्ही?"

"येत्या रविवारी दहा वाजता या. चहा पाजतो!"

"आणि नाही उकळला तर?"

"नाही उकळला तर ड्रमच काय, माझी हत्यारांची पेटीसुद्धा भंगारात घालीन!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या पेटीतल्या पान्यांच्या मुठी त्याच्या हाताने झिजून त्याच्याच हाताच्या मापाच्या झाल्या होत्या. कारखान्याने निरोपाला शाल दिली, घड्याळ दिलं. ती कपाटात कुठे आहेत ते त्याला सांगता आलं नसतं. पेटी पलंगाखाली होती आणि सकाळी उठल्यावर त्याचा पाय आधी तिला लागायचा. ती गेली म्हणजे मग उरलं काय, नुसता पेन्शनचा कागद. बोलून बसल्यावर त्याला शब्द परत घ्यावासा वाटला, पण सेक्रेटरीने तोवर शब्द वहीत लिहून घेतला होता.

घोडं कुठे अडलंय ते फिटरला पक्कं ठाऊक होतं. जोडणी करताना त्याने ड्रमचं माप काढलं, नळीचा व्यास काढला, उन्हाचा कोन काढला. एकच गोष्ट हिशेबात धरली नाही: टाकी कोणाच्या घरात बसतेय! त्याची बायको कोंड्याचा मांडा करणारी. बटाट्याची सालं ती कुरकुरीत तळायची, कोबीचे दांडे भाजीत चिरायची, कलिंगडाची पांढरी पाठसुद्धा शिजवून वाढायची. तांदळाचं धुवण कुंड्यांना, चहाचा चोथाही कुंड्यांनाच. त्यांच्या घरची कचऱ्याची बादली इतकी स्वच्छ असायची की पाहुणे तिच्यात छत्र्या ठेवत. अशा घरात फिटरने खरकट्यावर चालणारं यंत्र बसवलं होतं.

"अगं, निदान थोडी सालं तरी टाक," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"चांगलं अन्न का म्हणून टाकू? तुमच्या यंत्राला भूक लागली म्हणून?"

"त्याच्यासाठीच तर बसवलंय!"

"मग माझ्याऐवजी एखादी उधळी करायची होती बायको. भरपूर गॅस मिळाला असता."

सोमवारी फिटर बादली घेऊन दारोदार निघाला. कचरा मागणं म्हणजे माणसाच्या अब्रूला हात घालणं, हे त्याला पहिल्याच मजल्यावर कळलं. "आमच्याकडे काय अन्न फेकतात असं वाटलं तुम्हाला?" शिंप्याची बायको फणकारली आणि दारामागची ओसंडून वाहणारी बादली तिने पायाने आणखी मागे ढकलली. सगळ्या घरांत हेच. इमारतीत कुणाच्याच घरी काही वाया जात नव्हतं आणि खालचं कचऱ्याचं पिंप मात्र रोज शिगोशीग भरत होतं.

मन मोठं केलं ते एकट्या नर्सबाईंनी. त्या वजन उतरवत होत्या. त्यांनी पिशवीभर लिंबांची आणि संत्र्यांची सालं दिली. फिटरने हर्षाने ती सगळी टाकीत ओतली. बुधवारी टाकीला असा आंबूस वास सुटला की सेक्रेटरीने खिडक्या लावून घेतल्या. टाकीला आम्लपित्त झालं होतं. फिटरने तिला चुन्याची निवळी पाजली आणि पोराच्या उशाशी बसावं तसा दिवसभर तिच्यापाशी बसून राहिला.

जेवताना तो म्हणाला, "तिला भात लागतो. भाताइतकं तिला काही मानवत नाही. पण भात आणायचा कुठून?"

"तिचे लाड पुरे. तुम्ही जेवा," बायको म्हणाली.

गुरुवारी दुपारी मात्र ती पदराने पातेलं धरून धापा टाकत गच्चीवर आली. "आज भात जरा जास्तच झाला. घाला त्या तुमच्या भवानीला."

फिटरने भात कालवला, पाणी घातलं, टाकीत सोडला. शुक्रवारी पुन्हा पातेलं. आज म्हणे भात खाली लागला. फिटरला आनंदात काही सुचलं नाही. त्याने झाकण काढलं आणि पातेलं रिकामं केलं. शनिवारी सकाळी ड्रम चार बोटं वर आला. संध्याकाळी वीतभर.

रविवारी दहाला अख्खी इमारत गच्चीवर. सेक्रेटरी वही घेऊन पुढे. फिटरने कॉक उघडला, काडी ओढली. विझली. दुसरी ओढली. तीही विझली. सेक्रेटरी गालातल्या गालात हसला. फिटरला डोळ्यांसमोर नुसती पेटी दिसत होती. तेवढ्यात बायको पुढे झाली, वाऱ्याच्या बाजूला पदर पसरून उभी राहिली आणि म्हणाली, "आता लावा."

भक्कन ज्योत आली. निळी, जेमतेम दिसणारी, पण ज्योत! आधण गाणं म्हणू लागलं, उकळलं, त्यात चहा पडला, दूध पडलं. घोटघोट का होईना, सगळ्यांना मिळाला. सेक्रेटरीने पहिला घोट घेतला, दुसरा घेतला, आणि तोंड वाकडं करून वहीतली ओळ खोडली. "साखर कमी आहे," एवढंच म्हणाला. शिंप्याची बायको जाताना फिटरच्या कानाशी लागली, "काका, उद्यापासून बादली पाठवते. पण अंधार पडल्यावर हं."

गच्ची रिकामी झाली. नवराबायको पाण्याच्या टाकीच्या सावलीत कप घेऊन बसली. आता कुठे फिटरचं डोकं चालायला लागलं.

"काय गं, एकेचाळीस वर्षांत तुझा भात एकदा तरी चुकलाय?"

"वय झालं."

"दोन्ही दिवस?"

फिटर बोटांवर मोजू लागला. "म्हणजे तो भात शिजवायला खाली आपल्या शेगडीवर..."

"चाळीस मिनिटं," बायको म्हणाली. "घड्याळ बघत होते मी. आणि तुमची ही जळली अकरा मिनिटं. चारचौघांत बोललात तर याद राखा."

ज्या बाईने जन्मात भाताचं शीत वाया घालवलं नाही, तिने घड्याळ समोर ठेवून, सगळं कळत असताना त्याच्यासाठी एवढी उधळपट्टी केली होती. फिटरला फार भरून आलं. आता रडलो तर ही जन्मभर चिडवेल, म्हणून तो उठला आणि मुळीच न गळणारी नळी पुन्हा एकदा तपासत बसला.